घर घेताना आपल्या बाजूचा एजंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं विकणाऱ्यांसाठी काम केलं, आता फक्त घेणाऱ्यांसाठी करतो. टेबल तेच आहे, खुर्ची बदलली. पुढचे प्रश्न लोक मला फोनवर, जिन्यात, आणि कधी कधी सहीच्या आदल्या रात्री अकरा वाजता विचारतात. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून एखादा नियम सांगितलाय तिथे तो कुठला हेही लिहिलंय. बाकीचं कुठेही घर घेतलंत तरी लागू पडेल.

एजंट घरं दाखवतोच की. मग 'आपला' एजंट म्हणजे वेगळं काय?

घर दाखवणारा आणि तुमची बाजू घेणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात, आणि बहुतेकदा असतातच. जाहिरातीतल्या नंबरवर तुम्ही फोन करता. माणूस वेळेवर येतो, गाडीतून चार घरं फिरवतो, मुलांच्या शाळेची चौकशी करतो. त्याला नेमलेलं असतं विकणाऱ्याने.

माझ्याच खात्यावरचा एक प्रसंग सांगतो. एक नवरा-बायको घर पाहून गाडीत मागे बसले होते, मी चालवत होतो. बाई म्हणाल्या, "मला हेच हवंय. आता आणखी बघायला नको." नवरा म्हणाला, "मग ताणू थोडं. अजून पाच टक्के निघतील." त्यांना सोडलं आणि पाचव्या मिनिटाला मी विकणाऱ्याला फोन लावला: "किंमत सोडू नका, पाच टक्के अजून आहेत त्यांच्याकडे." मी खोटं बोललो नव्हतो. ज्याचा माणूस होतो त्याला ऐकलेलं सांगितलं, एवढंच. त्या दोघांना मात्र मी शेवटपर्यंत त्यांचाच वाटत होतो. चाव्या हातात आल्यावर त्यांनी माझे किती आभार मानले, ते अजून आठवतं.

हा गैरसमज जुना आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1983 मध्ये या धंद्यावर एक अहवाल काढला. त्या काळी तिथे खरेदीदाराला घेऊन फिरणारा एजंटही साधारणपणे विकणाऱ्याचाच उपएजंट धरला जायचा. तरी दहापैकी सातहून जास्त खरेदीदार 'हा आपला माणूस' असं धरून चालले होते.

तुमचा एजंट म्हणजे ज्याला तुम्ही तुमच्या कामासाठी नेमलंय, आणि तेही लेखी. गाडीत बोललेलं त्याने गाडीतच ठेवायचं. विकणाऱ्याला दोन महिन्यांत परदेशी जायचंय हे त्याला कळलं, तर ते तुमच्या कानावर घालायचं. आणि स्वतःचं कमिशन व तुमचं हित एकमेकांना आडवे आले, तर कमिशन मागे ठेवायचं.

पण त्याचे पैसे विकणाराच देतो. म्हणजे मला फुकटच ना?

त्या व्यवहारात पैसा घेऊन येणारा माणूस एकच असतो: तुम्ही. विकणारा जे कमिशन 'देतो' ते त्याने किंमत सांगतानाच धरलेलं असतं. तेव्हा 'फुकट' हा शब्द इथे वापरू नका.

दुसरं म्हणजे, पैसे कोण देतो आणि एजंट कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही नेमलेल्या एजंटाची फी विकणाऱ्याने भरली तरी, करार तुमच्याशी असेल तर तो तुमचाच. आणि तुमच्याकडून कमिशन घेतलं म्हणून विकणाऱ्याचा एजंट तुमचा होत नाही. जिथे दोन्हीकडून दलाली घ्यायची पद्धत आहे, तिथे ही फसगत फार होते. माणसाला वाटतं, मी पैसे मोजले म्हणजे तो माझ्या बाजूने बोलला असणार.

अमेरिकेत यावरूनच मोठं कोर्टप्रकरण झालं. विकणाऱ्याच्या कमिशनमधून खरेदीदाराच्या एजंटाला किती मिळणार, हे तिथे घरांच्या सामाईक यादीतच छापलेलं असायचं. 2023 मध्ये मिसुरीतल्या ज्यूरीने खटला भरणाऱ्या घरविक्रेत्यांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेने तडजोड केली आणि 17 ऑगस्ट 2024 पासून नियम बदलले. यादीत आता तो आकडा टाकता येत नाही, आणि घर दाखवायला नेण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. करारात फी नक्की आकड्यात लिहायची. 'विकणारा जे देईल ते' असं मोघम चालत नाही. कोणाकडूनही मिळालं तरी त्या आकड्याच्या वर एजंटाला घेता येत नाही. तुम्ही अमेरिकेत घर घेत नसलात तरी ही शेवटची अट आपल्या करारात उतरवून घ्या. यापेक्षा कामाचं एक वाक्य मला माहीत नाही.

जर्मनीने वेगळी वाट धरली. विकणाऱ्याने एजंट नेमला असेल, तर 23 डिसेंबर 2020 पासून राहत्या घराच्या सामान्य खरेदीदारावर त्या कमिशनचा निम्म्याहून जास्त भार टाकता येत नाही.

तो नेमकं काय करतो, जे मला स्वतःला जमणार नाही?

घरं शोधणं हे आता त्याचं मुख्य काम राहिलेलं नाही. ते तुम्ही फोनवर, त्याच्याहून जास्त चिकाटीने करता. त्याची किंमत कळते ती घर आवडल्यानंतर.

एका घरात आम्ही शिरलो. प्रशस्त, उजेड चांगला. माझ्या माणसाने लगेच सोफा कुठे ठेवायचा ते ठरवायला घेतलं. मी खिडकीखालच्या भिंतीशी गेलो, कारण तेवढीच भिंत ताजी रंगवलेली होती. शेजारच्या भिंतींचा रंग पिवळट पडला होता. हाताचा मागचा भाग टेकवला तर गार लागली. मग खाली वाकून कडेची पट्टी बघितली: फुगलेली, एका टोकाला सुटलेली. विकणाऱ्याच्या एजंटाला विचारलं, "एवढीच भिंत का रंगवली?" तो म्हणाला, "मुलांनी खरडलं होतं." असेलही. आम्ही तपासनीस बोलावून ओल मोजून घेतली, वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून गळती निघाली, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून घेतला. घर त्यांनी घेतलं, आनंदात आहेत.

ज्याला घर आवडलंय त्याला ती भिंत दिसत नाही. माझं मन त्या घरात नव्हतं, म्हणून मला दिसली.

याशिवाय गेल्या सहा-आठ महिन्यांत त्याच इमारतीत, त्याच गल्लीत प्रत्यक्षात कोणत्या भावाने सौदे झाले ते तो काढून आणतो. जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. नोंदलेला भाव म्हणजे झालेली गोष्ट. घर किती दिवस बाजारात पडून आहे, किंमत कितीदा उतरवली, आधीचा सौदा मोडला असेल तर कशामुळे, हे तो विचारतो. बोलणी तो करतो, म्हणजे तुम्हाला समोरच्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणावं लागत नाही. भिडस्त लोकांचे यातच बरेच पैसे वाचतात.

एकच एजंट दोन्ही बाजूंनी काम करतो म्हणतो. "सगळं एका हातात, पटकन होईल." चालेल?

पटकन होईल यात शंका नाही. पण दोन्ही डगरींवर हात ठेवलेला माणूस किमतीवर काय बोलणार? तुमच्यासाठी कमी मागायचं तर विकणाऱ्याशी दगा, त्याच्यासाठी जास्त मागायचं तर तुमच्याशी. मग तो निरोप्या होतो, आणि कमिशन मात्र दोन एजंटांचं घेतो.

म्हणूनच काही ठिकाणी याला बंदी आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने जून 2018 पासून, अगदी थोडे अपवाद सोडून, हा प्रकार बंद केला. अमेरिकेत कोलोरॅडो आणि फ्लोरिडा या राज्यांत असा दुहेरी एजंट चालत नाही. तिथे दोघांच्या मधला तटस्थ माणूस म्हणून काम करता येतं, पण मग तो कोणाचीच बाजू घेत नाही. इतर बऱ्याच ठिकाणी दोघांच्या लेखी संमतीने चालतं, आणि ती संमती तुमच्या करारात आठव्या-नवव्या कलमात बारीक अक्षरात बसलेली असते. ती शोधा.

थोडा वेगळा प्रकार म्हणजे एकाच कचेरीतले दोन एजंट, एक तुमचा, एक त्याचा. हे दुहेरी एजंटापेक्षा बरं. तरी दोघांची टेबलं शेजारी, फायली एकाच कपाटात आणि वरचा साहेब एकच, हे लक्षात ठेवून बोला.

फी टक्केवारीत द्यावी की ठरीव रकमेत?

घराची किंमत 100 धरा, फी 2 टक्के. एजंटाने घासाघीस करून किंमत 95 वर आणली. तुमचे 5 वाचले, त्याचे 0.1 गेले. लोक म्हणतात, बघा, तुमचं वाचवलं की त्याचं नुकसान. खरं तर त्या 0.1 चं त्याला फारसं काही वाटत नाही. त्याची झोप उडते ती 1.9 च्या काळजीने, म्हणजे सौदा मोडला तर सगळंच जाईल याने. म्हणून टक्केवारीवरचा एजंट किंमत मुद्दाम वाढवण्यापेक्षा तुम्हाला 'आता घेऊन टाका' म्हणण्याची शक्यता जास्त.

याचा आरसा विकण्याच्या बाजूला सापडतो. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या आसपासचे सुमारे एक लाख घरविक्रीचे व्यवहार तपासले. 2008 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि 3.7 टक्के जास्त किंमत मिळवतात. गिऱ्हाईकाचं घर असलं की मात्र लवकर 'हो' म्हणायला सांगतात.

मला स्वतःला ठरीव रक्कम आवडते. थोडी सुरुवातीला, बाकीची खरेदीखताच्या दिवशी, आणि सुरुवातीची शेवटच्या हिशेबात वळती. घर नाही घेतलं तरी त्याच्या कामाचं काहीतरी त्याला मिळालेलं असतं, त्यामुळे 'हे नको' म्हणताना त्याची जीभ अडखळत नाही. 'जेवढं वाचवीन त्यातला हिस्सा द्या' ही पद्धत ऐकायला छान, पण वाचवलं हे मोजायचं कशापासून? सांगितलेल्या किमतीपासून मोजलं, तर तो तुम्हाला मुद्दाम फुगवलेल्या किमतीची घरं दाखवेल आणि तिथून 'बचत' करेल.

करारात काय बघायचं? पंधरा पानं कोण वाचणार?

पंधरा वाचू नका, पण सहा-सात जागा बोट ठेवून वाचा.

आधी नाव: 'एजंट खरेदीदाराच्या वतीने काम करेल' हे स्वच्छ लिहिलंय का. काही कागदांवर वर मथळा 'खरेदीदार करार' आणि आत तुम्ही फक्त 'ग्राहक' असता, ज्याला सौजन्याने वागवायचं. सौजन्य आणि निष्ठा यांत फरक आहे.

मग मुदत. तीन महिने पुरे, आणि पटलं तर वाढवता येते. मुदतीचा रकाना कोरा असेल तर सही करू नका. फी किती, आणि ती कधी द्यायची? 'विकणाऱ्याने प्रस्ताव मान्य करताच' असं लिहिलं असेल, तर पुढे कर्ज नाकारलं गेलं किंवा कागदपत्रांत खोट निघाली तरी तुम्ही फी लागता. 'खरेदीखत नोंदवल्यावर' असं करून घ्या.

शेपटीचं कलम मात्र सावकाश वाचा. मी त्याला शेपूट म्हणतो, कारण करार संपला तरी ते वळवळत राहतं. एका बाईंनी मला त्यांचा जुना करार दाखवला होता. त्यात होतं: 'मुदत संपल्यानंतर 180 दिवसांच्या आत खरेदीदाराने कोणतीही मालमत्ता घेतल्यास ठरलेली फी देय राहील.' म्हणजे एजंटाने तीन महिन्यांत काही केलं नाही, तुम्ही सहाव्या महिन्यात मावशीचं घर मावशीकडूनच घेतलं, तरी फी त्याची. ही अट असण्यात गैर काही नाही. एजंटाने दाखवलेलं घर मुदत संपेपर्यंत थांबून त्याच्या पाठीमागे घेणारेही असतातच. पण 'कोणतीही मालमत्ता' खोडून तिथे 'एजंटाने मुदतीत प्रत्यक्ष दाखवलेली आणि सोबतच्या यादीत नोंदलेली मालमत्ता' असं लिहा, 180 चे 45 करा, आणि दोघांनी शेजारी सही करा. चांगला एजंट दोन मिनिटं कुरकुरेल आणि मान्य करेल.

बाकी: तुम्ही स्वतः शोधलेल्या घरावर फी लागणार का, भाग कोणता आणि मालमत्तेचा प्रकार कोणता, दुहेरी एजंटीची संमती कुठे दडलीय का, आणि करार मोडायचा तर नोटीस किती दिवसांची. तोंडी सांगितलेलं काहीही कागदावर नसेल, तर ते सांगितलंच नव्हतं असं धरा.

एजंट नोंदणीकृत असला की झालं ना?

नोंदणी म्हणजे दाराची कडी. हवीच, पण तेवढ्याने घर सुरक्षित होत नाही. भारतात 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 9 प्रमाणे, रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या घराचा व्यवहार जुळवणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि त्या राज्याच्या रेरा संकेतस्थळावर स्वतः बघा. व्हिजिटिंग कार्डावरचा आकडा कोणीही छापतो. दुबईत खरेदीदार आणि ब्रोकर यांच्या करारासाठी 'फॉर्म बी' हा ठरलेला नमुनाच आहे. विकणाऱ्याचा 'फॉर्म ए' वेगळा. कॅनडातल्या ओंटारियोत डिसेंबर 2023 पासून, सेवा सुरू करण्याआधी एजंटाने तुम्हाला तिथल्या नियामक संस्थेची माहितीपुस्तिका समजावून द्यावी लागते.

निवडताना त्याला काय विचारू?

किती वर्षं, किती घरं, हे सगळे विचारतात आणि सगळ्यांची उत्तरं पाठ असतात. मी सांगतो ते विचारा: "शेवटचं कोणतं घर तुम्ही एखाद्याला घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि का?" ज्याने खरोखर सांगितलंय तो लगेच रंगात येऊन बोलतो, भिंत कुठली, कागद कुठला, ते सगळं. बाकीचे म्हणतात, "आम्ही तशी घरं दाखवतच नाही."

मग विचारा की या भागात तुम्ही विकणाऱ्यांचंही काम घेता का, आणि त्यांच्यापैकी कोणाचं घर मला आवडलं तर काय कराल. याचं उत्तर लेखी मागा. वकील, तपासनीस, कर्ज मिळवून देणारा, यांच्याकडून त्याला काही मिळतं का, हेही. मिळत असेल तर ती माणसं आपण दुसरीकडून शोधावीत.

आमचा नात्यातलाच एक आहे. त्याला नाही कसं म्हणायचं?

भीड भिकेची बहीण. नात्यातल्या माणसाला करार वाचून दाखवा म्हणता येत नाही, फी कमी करा म्हणता येत नाही, आणि काम नीट नसेल तर काढूनही टाकता येत नाही. "आमचं आधीच एकाशी कागदावर झालंय" असं सांगा आणि मग खरंच तसं करा.

दोन-तीन एजंट एकदम नेमले तर जास्त घरं बघायला मिळतील ना?

घरं तीच मिळतील, तीनदा. कारण यादी सगळ्यांची जवळपास सारखीच. आणि कोणी आधी दाखवलं यावरून फीचं भांडण झालं तर दोघंही तुमच्या दारात. वेगवेगळ्या भागांत शोधत असाल तर भागवार वेगळे नेमा, आणि प्रत्येकाच्या करारात त्याचा भाग लिहा.

त्याला आमचं खरं बजेट सांगायचं का?

तुमचा, लेखी नेमलेला असेल तर सांगा. वकिलाला अर्धी हकिगत सांगून खटला जिंकता येत नाही, तसंच हे. तरी एक आकडा स्वतःजवळ ठेवला तर मी दोष देणार नाही. माझे काही जुने गिऱ्हाईकही ठेवतात, आणि मी तो विचारत नाही.

विकणाऱ्याच्या एजंटासमोर मात्र बजेट, घाई, भाड्याच्या घराची संपत आलेली मुदत, आणि विशेषतः आनंद, यांतलं काहीही दाखवू नका. घर बघताना फोटो काढा, मापं घ्या, प्रश्न विचारा. 'वा!' घरी येऊन म्हणा.

नवीन इमारतीत थेट बिल्डरकडून घेतोय. तिथेही एजंट लागतो?

विक्री कचेरीत हसतमुखाने बसलेली माणसं बिल्डरची पगारी असतात, आणि तिथला करारही बिल्डरच्या वकिलाने लिहिलेला असतो. आपला माणूस हवा असेल तर पहिल्या भेटीलाच सोबत न्या. एकटे जाऊन नाव-नंबर लिहून दिलात, की बऱ्याच ठिकाणी तुम्ही 'थेट आलेले गिऱ्हाईक' ठरता, आणि नंतर आणलेल्या एजंटाला ते उभं करत नाहीत. भाव कमी होणं तिथे अवघड असतं, पण ताबा लांबला तर काय, पार्किंगचा हक्क कागदावर आहे का, या गोष्टींवर बोलता येतं.

वकील आहे. मग एजंट कशाला?

वकील कागद बघतो, एजंट घर आणि भाव बघतो. मालकी स्वच्छ आहे का, घरावर बोजा आहे का, हे वकीलच सांगू शकतो आणि ते काम एजंटावर सोडू नये. पण कागद निर्दोष असलेलं घर वीस टक्के महाग असू शकतं, आणि ते वकील सांगणार नाही. पैसे एकाच माणसापुरते असतील तर वकील ठेवा.

टोकन एजंटाच्या हातात द्यायचं का?

रोख तर नाहीच. बँकेतून, थेट विकणाऱ्याच्या नावावर किंवा त्रयस्थाच्या वेगळ्या राखलेल्या खात्यात, आणि सौदा कशाने मोडला तर किती परत मिळणार हे लिहिलेल्या पावतीवर. "आत्ता दिलं तर तो घर थांबवतो" असं एजंट म्हणाला तर पावतीचा मसुदा मागवा. खरंच थांबवणारा विकणारा तासाभरात पाठवतो.

मी दूर राहतो, येणं जमत नाही. एजंटालाच मुखत्यारपत्र देऊ का?

देऊ नका. ज्याला सौदा झाला तरच पैसे मिळतात, त्याच्याच हातात तुमच्या सहीचा अधिकार देणं धोक्याचं आहे. मुखत्यारपत्र द्यायचंच तर घरच्या माणसाला किंवा वकिलाला, एकाच मालमत्तेपुरतं, कमाल किंमत लिहून आणि मुदत घालून. एजंटाकडून मात्र चालत्या कॅमेऱ्यावर घर बघून घ्या, आणि त्याला सांगा की कुठेही न थांबता दारापासून गच्चीपर्यंत जा, नळ उघडा, खिडक्या बंद केल्यावर रस्त्याचा आवाज ऐकवा.

एजंटानेच ते घर स्वतःसाठी पटकावलं तर?

गंमत म्हणजे भारताच्या 1872 च्या करार कायद्यात नेमकं हेच उदाहरण आहे. कलम 216 खालचं: एजंट नेमणारा त्याला एक ठरावीक घर आपल्यासाठी घ्यायला सांगतो. एजंट येऊन म्हणतो की ते मिळत नाही, आणि स्वतःच घेऊन टाकतो. कायदा म्हणतो, हे उघडकीस आलं की नेमणारा त्याला ते घर, त्याने घेतलं त्याच किमतीला, आपल्याला विकायला भाग पाडू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीही कायदा लिहिणाऱ्याला उदाहरणासाठी घर आणि एजंटच आठवले.

इतकं उघड क्वचित घडतं. जास्त वेळा घर एजंटाच्या मेहुण्याचं किंवा भागीदाराचं निघतं. ब्रिटनच्या 1979 च्या एस्टेट एजंट्स कायद्यात असा हितसंबंध बोलणी सुरू होण्याआधी उघड करायची सक्ती आहे. तुमच्याकडे तशी सक्ती असो-नसो, करारात एक ओळ घाला: 'दाखवलेल्या कोणत्याही घरात एजंटाचा किंवा त्याच्या नातेवाइकांचा हितसंबंध असल्यास आधी लेखी कळवेल.' ही ओळ वाचताना त्याचा चेहरा बघा.

काम पटत नाहीये. मधेच सोडता येतं का?

बहुतेक करारांत येतं, नोटीस देऊन. आधी त्याच्या वरच्या माणसाशी बोला. कचेरी बरेचदा दुसरा एजंट देते. सोडताना दाखवलेल्या घरांची यादी दोघांच्या सहीने करून घ्या, नाहीतर शेपटीच्या कलमाचा वाद नंतर तुमच्याच अंगावर येतो. आणि निरोप ईमेलने द्या. फोनवर भांडण होतं आणि पुरावा राहत नाही.

एजंटाशिवाय घेतलं तर?

शेकडो लोक घेतात. त्याच इमारतीतलं, ओळखीच्या माणसाचं घर असेल, झालेल्या सौद्यांचे भाव तुम्हाला माहीत असतील आणि घासाघीस करताना घाम फुटत नसेल, तर वकील आणि तपासनीस एवढे पुरतात. अनोळखी शहरात पहिलंच घर घेताना मी तरी एकट्याने जाणार नाही, आणि मी हा धंदा करतो.

आमच्या एजंटाने लागोपाठ तीन घरं 'नको' म्हणून सांगितली. कामचोर तर नाही ना?

'नको' कशामुळे, ते बघा. "मला नाही आवडलं" एवढंच असेल तर शंका घ्या. घरात तुम्ही राहणार आहात, तो नाही. पण पहिल्याचा भाव गल्लीतल्या सौद्यांपेक्षा वर होता, दुसऱ्याच्या कागदात एका वारसाची सही नव्हती, तिसऱ्याची टाकी गळत होती, असं असेल आणि यातलं तुम्हाला स्वतः पडताळता येत असेल, तर त्याची फी वसूल झालीय. चौथ्या घराआधी त्याला विचारा, की तुम्ही कशाला 'घ्या' म्हणाल ते पाच ओळींत लिहून द्या. ते पाच मुद्दे घेऊन पुढचं घर बघायला जा, आणि आधी खिडकीखालच्या भिंतीला हात लावा.